महास्त्र एकाच्याच हाती: एका पटावरील खेळाचे परीक्षण

शत्रुत्व बाळगणाऱ्या राजवटींविरुद्ध वापरता येईल असे अमोघ अस्त्र एकाच राष्ट्राच्या हाती आले, तर त्या राष्ट्राने त्याचे काय करावे, या प्रश्नावर बेतलेला एक पटावरचा खेळ गेल्या महिन्याभरात आम्ही सहा जणांनी तीन वेळा खेळून पाहिला. एका डावाला साधारण चार तास लागतात आणि ते सत्कारणी लागतात. तीन डावांनंतर माझे मत असे झाले आहे की अस्त्र वापरण्यापूर्वीची कोंडी हा खेळ अत्यंत प्रामाणिकपणे उभी करतो, परंतु अस्त्र वापरल्यानंतरच्या सकाळचा विचार त्याने जवळजवळ केलेलाच नाही.

खेळात एक अस्त्रधारी राष्ट्र, त्याचे एक मित्रराष्ट्र, तीन प्रतिस्पर्धी राजवटी आणि एक सूत्रधार असतो. अस्त्र पूर्णतः काल्पनिक आहे: ते डागले की लक्ष्य केलेल्या राजवटीची सारी लष्करी आज्ञायंत्रणा एकाच फेरीत निकामी होते, किरणोत्सर्ग होत नाही आणि त्यावर कोणताही उतारा नसतो. अस्त्रधाऱ्याने प्रत्येक फेरीत ते लपवायचे, जाहीर करायचे, त्याचा धाक दाखवायचा, सामायिक नियंत्रणाखाली द्यायचे किंवा डागायचे, यांपैकी एक ठरवायचे असते. ही मक्तेदारी किती फेऱ्या टिकणार, तो तीन ते बारा यांमधला आकडा एका बंद पाकिटात असतो आणि सूत्रधारालाही तो माहीत नसतो.

हे पाकीट म्हणजे या खेळाचा प्राण आहे. आपल्याकडे वेळ किती आहे हे माहीत नसताना घ्यावा लागणारा निर्णय कसा असतो, याचा खरा नमुना इतिहासात एकच आहे आणि तो अणुबॉम्ब एकट्या अमेरिकेकडे होता त्या १९४५ ते १९४९ या चार वर्षांचा आहे. अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पाचे लष्करी प्रमुख जनरल लेस्ली ग्रोव्ह्ज यांना सोव्हिएत संघाला बॉम्ब बनवायला वीस वर्षांपर्यंत लागतील असे वाटत होते. अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या अंदाजानुसार १९५३च्या मध्याची शक्यता सर्वाधिक होती. प्रत्यक्षात सोव्हिएत चाचणी २९ ऑगस्ट १९४९ रोजी झाली. ज्यांच्यापाशी जगातली सर्वोत्तम माहिती होती त्यांचेही पाकीट बंदच होते, हे लक्षात घेतले म्हणजे खेळाच्या रचनाकारांनी हा नियम किती विचारपूर्वक केला आहे ते कळते.

पहिल्या डावात अस्त्रधारी झालेल्या मित्राने झाकली मूठ सव्वा लाखाची या न्यायाने तीन फेऱ्या मौन पाळले. लपवलेल्या अस्त्राचा धाक कोणालाच वाटत नाही, त्यामुळे राजवटी सीमेवर तिळातिळाने पुढे सरकत राहिल्या. चौथ्या फेरीत त्याने मूठ उघडली आणि लगेच दुसरी अडचण उभी राहिली. अस्त्र जाहीर झाले की ते बनवता येते हेही जाहीर होते, म्हणून त्या क्षणापासून प्रतिस्पर्ध्यांना आपल्या संशोधनाच्या सोंगट्या एकत्र करता येतात. तोवर एकमेकींशी भांडणाऱ्या दोन राजवटी त्याच फेरीत एक झाल्या. बरे, खऱ्या जगात मूठ झाकलेली राहतेच असेही नाही, कारण २४ जुलै १९४५ रोजी जर्मनीतल्या पॉट्सडॅम येथे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नव्या अस्त्राचा मोघम उल्लेख केला तेव्हा सोव्हिएत नेते स्टालिन यांना हेरांकडून त्याची माहिती आधीच मिळालेली होती. हेरगिरीचा एकही पत्ता या पेटीत नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

दुसऱ्या डावातला एक प्रसंग मी विसरणार नाही. अस्त्राची घोषणा होताच माझ्यासमोर बसलेल्या मैत्रिणीने, जी एका राजवटीची सूत्रे सांभाळत होती, छावण्यांच्या घरांतून आपल्या आज्ञाकेंद्रांच्या सोंगट्या एकेक करून उचलल्या आणि दाट वस्तीच्या, रुग्णालयाची खूण असलेल्या घरांत नेऊन ठेवल्या. या कामाला तिला दोन मिनिटे लागली आणि तेवढा वेळ कोणी काही बोलले नाही. नियमाप्रमाणे अशा घरावर अस्त्र पडले तर तिथली वीज, पाणी आणि रुग्णसेवा हेही सारे बंद पडते. केवळ लष्करावर चालणारे म्हणून जे अस्त्र आमच्या हाती दिले होते, त्याचे ते वैशिष्ट्य समोरच्या बाजूने एकाच खेळीत संपवले.

त्यानंतर अस्त्रधाऱ्याने तिला सांगितले की तुझे कारखाने तपासणीसाठी खुले कर, म्हणजे मी अस्त्र वापरणार नाही. तिने शांतपणे विचारले, "मी सगळे खुले केल्यावर तुला कोण अडवणार आहे?" या प्रश्नाला त्या टेबलावर कोणापाशी उत्तर नव्हते, आणि माझ्या मते या सबंध विषयाचे मर्म याच प्रश्नात आहे. धमकी चालायची असेल तर ऐकणाऱ्याला दोन गोष्टी पटाव्या लागतात: ऐकले नाही तर मार बसेल आणि ऐकले तर बसणार नाही. अस्त्र जितके अमोघ तितकी पहिली गोष्ट सहज पटते आणि दुसरी पटवणे तितकेच अवघड होऊन बसते. १४ जून १९४६ रोजी अमेरिकेचे प्रतिनिधी बर्नार्ड बरूक यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अणुशक्ती-नियंत्रणाच्या योजनेचे घोडे इथेच अडले. आधी आंतरराष्ट्रीय नियंत्रण पूर्ण उभे राहू दे, मग आम्ही आमचे बॉम्ब सोडू, असे अमेरिकेचे म्हणणे होते. आधी बॉम्ब नष्ट करा, असे काही दिवसांतच मुत्सद्दी आंद्रेई ग्रोमिको यांनी सोव्हिएत संघाच्या वतीने सांगितले. लीबियाने २००३ मध्ये आपला अण्वस्त्र कार्यक्रम सोडला आणि २०११ मध्ये नाटोच्या हवाई हल्ल्यांच्या पाठबळाने तिथली राजवट उलथली गेली. त्यानंतर अशी कोणतीही हमी कोणत्या राजवटीला खरी वाटेल, हे सांगणे कठीण आहे. खेळात यासाठी अस्त्राची अर्धी किल्ली मित्रराष्ट्राच्या हवाली करण्याची सोय आहे आणि ती चांगली चालते, कारण मित्रराष्ट्राचा खेळाडू खरोखरच नकार देऊ शकतो. आमच्या दुसऱ्या डावात तपासणी मान्य झाली ती याच सोयीमुळे.

तिसऱ्या डावात अस्त्र माझ्या हाती होते आणि पाचव्या फेरीत मी ते डागले. त्यामागचा विचार जसा मनात आला तसाच सांगतो: प्रत्येक फेरीगणिक प्रतिस्पर्ध्यांच्या संशोधनाच्या सोंगट्या वाढत होत्या, मक्तेदारी संपण्याची वेळ कधीही येऊ शकत होती, आणि आज एका राजवटीवर घाव घातला नाही तर उद्या तिघींच्या हाती तेच अस्त्र असेल, ही भीती खरी वाटत होती. हाच युक्तिवाद ऑगस्ट १९५० मध्ये अमेरिकेचे नौदलमंत्री फ्रान्सिस मॅथ्यूज यांनी बॉस्टनच्या जाहीर भाषणात केला होता आणि त्यांच्याच सरकारने त्यापासून हात झटकले होते. मी हे वाचलेले होते. तरीही पटावर बसल्यावर तो युक्तिवाद मला आतून पटला, आणि वाचणे व निर्णय घेणे यांतले अंतर मला जाणवून दिले हे या खेळाचे फार मोठे श्रेय आहे.

इथपर्यंत सर्व उत्तम आहे. डागल्यावर मात्र नियमपुस्तिका सांगते की त्या राजवटीच्या सोंगट्या पटावरून काढाव्यात, संक्रमणाचा एक पत्ता उचलावा आणि एक फासा टाकावा. माझ्या फाशावर पाच पडले, म्हणून त्या देशात स्थिर सरकार आले. कोट्यवधी माणसांचे भवितव्य एका फाशावर सोडलेले पाहून मला खरोखर वाईट वाटले, आणि खेळाच्या दृष्टीनेही ही गंभीर चूक आहे, कारण डागावे की नाही हा निर्णय पुढे काय होणार यावरच तर अवलंबून असतो. आज्ञायंत्रणाच निकामी झाली तर शस्त्रे खाली ठेवण्याचा आदेश कोण देणार, हा साधा प्रश्न नियमांत कुठेही नाही. १५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानच्या सम्राटांचे भाषण आकाशवाणीवरून ऐकवता आले आणि देशोदेशी पसरलेल्या त्यांच्या सैन्याने ते मानले, म्हणून ते युद्ध थांबले. तसा आदेश देणारा आवाजच उरला नसता तर काय झाले असते, याचा विचार या अस्त्राच्या बाबतीत पहिल्यांदा व्हायला हवा होता. इराकमध्ये मे २००३ मध्ये सैन्यच विसर्जित केले गेले, तेव्हा लाखो प्रशिक्षित माणसे रोजगाराविना घरी गेली आणि त्यांतले अनेक जण पुढे बंडखोरीला मिळाले. हे सारे एका पत्त्यात मावणारे नाही.

तिन्ही राजवटींना शत्रुत्वाचा एकच ठरावीक आकडा दिलेला आहे, तोही मला खटकला. भीतीपोटी शस्त्रे जमवणारी राजवट आणि शेजाऱ्याच्या भूमीवर डोळा ठेवणारी राजवट यांना एकच धमकी सारखी लागू पडत नाही. पट, सोंगट्या आणि छपाई यांविषयी तक्रार नाही. वाटाघाटींसाठी दिलेले वाळूचे घड्याळ फार लवकर रिकामे होते, आम्ही ते दोनदा उलटवत असू.

पेटीत काही कोरे पत्ते दिलेले आहेत. तिसऱ्या डावानंतर आम्ही त्यांवर स्वतःच लिहिले: पगार कोण देणार, तुरुंग कोण उघडणार, शस्त्रागाराच्या किल्ल्या कोणाकडे, सीमेवरच्या तुकड्यांना निरोप कोण पोहोचवणार. सूत्रधाराने त्या देशातल्या लोकांची बाजू घेतली, आम्ही सोंगट्या पाचव्या फेरीच्या जागी परत मांडल्या आणि अस्त्र डागल्यापासूनचा भाग पुन्हा खेळलो. तेवढ्यालाच आणखी अडीच तास लागले आणि स्थिर सरकार काही आले नाही. हा खेळ घेणाऱ्यांनी असे पत्ते पहिल्या डावाआधीच लिहून घ्यावेत, आणि कितीही उत्सुकता वाटली तरी पाकीट डाव संपेपर्यंत उघडू नये. आमच्या त्या डावातले पाकीट शेवटी उघडले तेव्हा आत अकरा हा आकडा होता.