मूळ दस्तावेज बँकेत आहेत

नर्सरी वाढवायला म्हणून घेतलेल्या जागेत माझे सहा लाख चाळीस हजार गेले. चार लाख डिपॉझिट, दोन महिन्यांचं भाडं साठ हजार आणि एक लाख ऐंशी हजारांचं काम. लिहायला वर्ष लागलं, कारण आधी लाज वाटायची. पण बडोद्यात अजून कितीतरी जणी शाळेसाठी जागा शोधत फिरतायत, आणि मला ती जागा देणारा माणूसही जामिनावर बाहेर फिरतोय.

दांडिया बाजारातल्या राहत्या घरी, खालच्या दोन खोल्यांत, मी १९ वर्षं मुलं सांभाळते. ‘सांभाळते’ म्हटलेलं आमच्या सहशिक्षिकेला आवडत नाही, ‘शिकवतो’ म्हणा म्हणते. मी होम सायन्सची, विद्यापीठाच्या चेतन बालवाडीत खाली बसून निरीक्षणाच्या वह्या भरलेली. तिथून निघताना डोक्यात एकच होतं, की आपलीही अशी शाळा हवी, बेसिन मुलांच्या उंचीला आणि अंगणात रेतीचा हौद. घरच्या दोन खोल्यांत हौद कुठला? परातीत रेती घ्यायचो.

२०२३ मध्ये गुजरातेत नियम लागू झाला की पहिलीत जायला १ जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत. आधी साडेपाचाची पोरं पहिलीत निघून जायची, ती आता आणखी एक वर्ष आमच्याकडे. सरकारी शाळांनी त्या वर्षासाठी बालवाटिका काढल्या, पण आमचे पालक म्हणाले, काकी, तुमच्याकडेच राहू दे. म्हणजे वरून कुणी जाईना आणि खालून तीन वर्षांची येतच होती. नावं लिहून ठेवायच्या वहीत २७ नावं झाली. केंद्राच्या २०१३च्या बालशिक्षण धोरणात ३० मुलांना निदान ३५ चौरस मीटरची खोली आणि २० मुलांमागे एक शिक्षिका सांगितली आहे. एका रात्री यांनी टेप घेऊन आमची मोठी खोली मोजली. १९ भरली. मोजायलाच नको होती.

त्यात २०२४ साल. जानेवारीत हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली, १२ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. त्यानंतर पालक गेटाशी जे प्रश्न विचारायला लागले ते पूर्वी कुणी विचारले नव्हते. मे महिन्यात राजकोटच्या गेमझोनची आग, २७ माणसं. मग सगळ्या राज्यात फायर एनओसी आणि बीयू, म्हणजे इमारत कशासाठी वापरायची याची महापालिकेची परवानगी, नसलेल्या जागांना सीलं लागली. आमच्या घराचा जिना लाकडी आणि गल्लीत बंब काय, रिक्षासुद्धा कलंडून शिरते. मुलं इथून हलवायला हवीत हे कुणी सांगायची गरज नव्हती.

आता गळ कुठे होता ते ऐका. नर्सरीच्या सरकारी नोंदणीसाठी त्या वेळी पंधरा वर्षांचा नोंदवलेला भाडेकरार मागत होते. यावर गुजरातभरच्या नर्सरीवाल्यांनी ओरड केली होती, कारण पंधरा वर्षं लिहून देणारा घरमालक मिळतो कुठे? मी कारेलीबागेपासून वाडीपर्यंत १४ जागा पाहिल्या. सगळीकडे तेच, अकरा महिने, पुढचं पुढे. एका बाईंनी तर ‘पंधरा वर्षांत मी असेन का’ म्हणून चहा पाजून परत पाठवलं.

आणि उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी, अजून तारांवर पतंग लोंबत होते, ओळखीतल्या एकांनी ‘काकां’ची गाठ घालून दिली. मराठी माणूस, साठीचा, कपाळाला गंध. मांजलपूरकडे त्यांचं टेनामेंट, तळमजला रिकामा, पुढे अंगण, मागे चिकूचं झाड. पंधरा वर्षं म्हटल्यावर म्हणाले, “वीस घ्या ताई. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या राज्यात सक्तीचं मोफत शिक्षण केलं, त्या बडोद्यात मी बालवाडीला नाही म्हणू?” मी तिथेच विरघळले. चौदा मालकांनी जे नाकारलं ते पंधराव्याने न मागता जास्त दिलं, तेव्हा आनंद व्हायच्या आधी शंका यायला हवी होती. ज्याला पंधरा महिनेही जागा हातात राहणार नाही हे माहीत आहे, त्याला पंधरा वर्षं लिहून द्यायला काय जातंय?

कागद मी पाहिले नाहीत असं नाही. वेराबिल, म्हणजे घरपट्टीचं बिल, त्यांच्या नावाचं, भरलेलं. लाइट बिल त्यांच्या नावाचं. खरेदीखताची झेरॉक्स. मी विचारलंसुद्धा, मूळ दस्तावेज कुठे आहेत?

“बँकेत आहेत. एकदम सेफ.”

मी लॉकर समजले. माणूस खोटं बोलला नव्हता. दस्तावेज बँकेतच होते, गहाण. वेराबिल आणि लाइट बिल घर कुणाच्या नावावर आहे एवढंच सांगतात, त्या घरावर कुणाचे किती पैसे बसलेत हे सांगत नाहीत. मूळ कागद टेबलावर दाखवता येत नसतील तर ते कुणाकडे आहेत, हे त्या संस्थेच्या लेखी पत्रावर मागायचं. मी तोंडी उत्तर घेतलं आणि वर चिकू घेऊन घरी आले.

दुसरी खूण तर गेटवरच होती. गेटला ताजा निळा रंग होता आणि रंगाखाली कागदाच्या आकाराचा चौकोन दिसत होता, कोपऱ्यांना डिंकाचे फुगे. मी नखाने एक फुगा खरवडून पाहिला. खाली पांढरा कागद निघाला. जुन्या भाडेकरूने ट्यूशनची जाहिरात लावली असेल म्हणून सोडून दिलं.

डिपॉझिट चार लाख ठरलं. त्यातले एक लाख चेकने, मुलाच्या खात्यात. तीन लाख रोख, “मग भाडं दोन हजारांनी कमी करतो.” पावती त्यांनी स्वतः लिहिली, गुजरातीत, आणि तिच्यात डिपॉझिटच्या जागी ‘हाथ उछीना’ असे शब्द घातले. हातउसने! हे बोलले, असं का? तर म्हणे, “टॅक्सवाले नडतात, सगळे असंच लिहितात.” आम्ही मुकाट घडी घालून पर्समध्ये ठेवली. वीस हजार आणि त्यापुढची उसनी रक्कम किंवा ठेव रोखीने घेणंच आयकर कायद्यात बसत नाही, आणि दंड बसतो तो घेणाऱ्याला, हे वकिलांनी नंतर सांगितलं. त्या एका शब्दाने आमची भाडेकरू-मालकाची गोष्ट देणेकऱ्याची झाली, तीही नंतरच कळली.

करारही नोटरीवरच राहिला. “रजिस्ट्री एप्रिलात करू, पोराच्या लग्नात अडकलोय.” खरं कारण साधं होतं. नोंदणीला बसलो असतो तर कुणीतरी वकील मध्ये आला असता, त्याने सब-रजिस्ट्रारकडे शोध घेतला असता. एक वर्षावरचा भाडेकरार नोंदवल्याशिवाय पंधरा वर्षांचा म्हणून उभाच राहत नाही. माझ्या हातातला कागद हा स्टँपपेपरवर लिहिलेला शुभेच्छासंदेश होता.

फेब्रुवारी-मार्च माझ्या आयुष्यातले सगळ्यात छान महिने. हे लिहिताना राग येतो, पण होते. मिस्त्रीला सांगून बेसिन अठरा इंचांवर बसवली, तो दोनदा विचारून गेला, “बेन, आटलुं नीचे?” छोटे कमोड सहा आणले, चार बसले, दोन खोक्यात. अंगणात खरा रेतीचा हौद, त्याला मांजरांपासून जाळी. भिंतीवर विश्वामित्री नदीतली मगर काढली, दात न दाखवता, कारण तीन वर्षांच्यांना दात आवडत नाहीत. वहीतल्या २७पैकी २२ पालकांनी प्रवेश घेतले, निम्मी फी भरली.

९ एप्रिलला सकाळी मिस्त्रीचा फोन आला, पोलीस आलेत. जाऊन पाहते तर बँकेचे दोन अधिकारी, मामलतदार कचेरीतली माणसं, दोन हवालदार आणि कुलूपवाला. मला एक तास दिला. टेबलं, खेळणी, चटया निघाल्या. भिंतीत बसवलेलं काय निघणार? लाखेचं सील लावताना अधिकारी जरा चुटपुटला, म्हणाला, “मॅडम, गेटावर नोटीस लावली होती ना आम्ही.”

शेजारच्या बेन कठड्यावर कोपर टेकून उभ्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. ऑक्टोबरात नोटीस लावलेली, काकांनी रात्री खरवडून रंग दिलेला. “आम्हाला वाटलं तुम्ही बँकेकडूनच घेतलंय.” दोन महिने मी त्यांच्या नळाचं पाणी कामाला वापरत होते, रोज केम छो म्हणत होते. एकदाही विचारलं नाही की हे घर रिकामं का होतं.

वकिलांनी बँकांच्या वसुलीचा २००२चा कायदा समोर ठेवला. कर्ज थकलं की बँक साठ दिवसांची मागणी-नोटीस देते. ती मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालकाला घर विकता येत नाही की भाड्याने देता येत नाही. म्हणजे मी भाडेकरू म्हणून कुणाच्या खिजगणतीतच नव्हते. गहाणाची नोंद सर्साईच्या, म्हणजे गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या, संकेतस्थळावर सापडते. २०११पासून बँका तिथे नोंदी करतात आणि किरकोळ फी भरून कुणालाही शोधता येतं. आम्ही वकिलांच्या ऑफिसात बसून शोधलं. मधे नेट बंद पडलं, ते धरून दहा मिनिटं. हे घर, काकांचं नाव, कर्जाचा आकडा, सगळं होतं. त्या दहा मिनिटांनंतर मी यांच्याकडे पाहिलं नाही, यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पोलीस ठाण्यात म्हणाले, पावतीवर हातउसने आहे, दिवाणी बाब, कोर्टात जा. हे तुम्हालाही ऐकवतील, म्हणून इथे नीट वाचा. पैसे परत न देणं वेगळं आणि पैसे घेतानाच फसवायचा इरादा असणं वेगळं. दुसरं दाखवता आलं तरच गुन्हा, पूर्वीचा चारसोवीस, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८(४). पैसे घेताना नोटीस त्यांना मिळालेली होती, हे दाखवायचं कसं? बँक म्हणे तुम्ही आमच्या खातेदार नाही, कागद देता येणार नाहीत.

पण ताब्याची नोटीस बँकेला दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत गेले, महाराजांनीच १९१० साली काढलेली. काकांना महाराजांचा फार पुळका, म्हणून मुद्दाम लिहिते. ऑक्टोबरचे गुजराती अंक उलटले. तिसऱ्या दिवशी सापडली, आतल्या पानावर, बोटभर रुंद. त्यात मागणी-नोटिशीची तारीख होती, जून २०२४. माझ्याकडून पैसे घेतले जानेवारी २०२५ मध्ये. तेच वर्तमानपत्र आमच्या घरी येतं. रद्दी आम्ही मुलांना फाडायला देतो, चिकटकामाला.

ते कात्रण जोडून दुसरी अर्जी दिली तेव्हा गुन्हा दाखल झाला. मग काकांना माणुसकी आठवली. गणपतीत घरी येऊन चार लाखांचा चेक देऊन गेले, “केस मागे घ्या ताई.” केस मागे घेतली नाही, चेक मात्र भरला. परत आला. बँकेचा मेमो हातात पडल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, त्यांना पंधरा दिवस, आणि मग महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. या तारखा मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहिल्या होत्या. वकील म्हणतात, हातउसन्यांच्या पावतीपेक्षा हा परत आलेला चेक बरा.

पालकांची फी जुलैपर्यंत परत केली, माझ्या पाटल्या सोनं-तारणात ठेवून. २२पैकी ८ जणांनी घेतली नाही, म्हणाले घरीच दुसरी पाळी काढा. तशी काढली. सकाळी १९, दुपारी ८. रेती पुन्हा परातीत.

दिवाळीनंतर त्या घराच्या ई-लिलावाची जाहिरात आली. त्यात घर पाहायचा दिवस असतो, कुणीही जाऊ शकतं. मी गेले. सील काढलेलं, आत फिनेलचा वास. मगरीवर ओल आली होती. एक जोडपं बघायला आलं होतं. तो गृहस्थ मागे गेला, छोट्या कमोडला बुटाने हलकेच ढोसून पाहिलं आणि अधिकाऱ्याला म्हणाला, “आ बधुं तोडवानो खर्चो कोण आपशे?” हे सगळं तोडायचा खर्च कोण देणार?

अधिकाऱ्याने मला ओळखलं. काही बोलला नाही. चिकूच्या झाडाखाली पडलेले दोन चिकू उचलून दिले.