सुगंधी तेलाच्या नादात डाळिंबाचा बहार गेला

आधी आकडे सांगतो. फुलकिडे मारायला घेतलेलं ‘वनस्पती तेल’ सहा लिटर, लिटरला ४,८०० रुपये, म्हणजे २८,८००. वर ‘शेड्यूल फी’ म्हणून, म्हणजे फवारणीच्या वेळापत्रकाचे, ५,०००. एकूण ३३,८००. त्यातले २०,००० फोनवरून पाठवले, १३,८०० रोख दिले. पक्कं बिल नाही, नुसती चिठ्ठी.

तीन एकर डाळिंब, आंबे बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर धरलेला फुलोरा. मार्चमध्ये सेटिंग, म्हणजे फुलाचं फळ धरणं, चालू असताना फुलकिडे कळीत शिरले. गेल्या वर्षी फळात औषधाचा अंश, म्हणजे रेसिड्यू, निघाला म्हणून व्यापाऱ्याने माल नाकारला होता, त्यामुळे रासायनिक मारायची भीतीच बसली होती. नेमका तेव्हाच हे तेल विकणारा माणूस बागेत आला. पांढऱ्या कागदावर कळी झटकली, पडलेल्या किड्यांवर फवारा मारला. मिनिटभरात एकही हलेना. सिट्रोनेला, लवंग, निलगिरी, सगळा वास नाकात. मी काही अडाणी नाही. लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलने कीड मरते हे मी वाचलं होतं आणि ते खोटं नाही. पण कागदावर समोर मरणं वेगळं, ३८ अंशांच्या उन्हात झाडावर टिकणं वेगळं. ही तेलं उडून जातात. दोन दिवसांनी बागेत वाससुद्धा राहिला नाही, कळीच्या आतल्या किड्याला काय लागणार?

मला कळायला हवं होतं ते बादलीपाशी. फवारणीचं तेलकट औषध पाण्यात पडलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं, वीस वर्षं बघतोय मी. हे तेल मात्र पाण्यावर तसंच तरंगत राहिलं, वर रंगीत तवंग. हात थांबला होता माझा. फोन केला, तर म्हणे, “नैसर्गिक आहे दादा, शाम्पूची पुडी टाका.” आणि मी टाकली! ब्लोअरने, म्हणजे फवारणीच्या यंत्राने, टाकीच्या तळाचं पाणी आधी ओढलं, शेवटच्या दोन ओळींवर जवळजवळ निव्वळ तेल गेलं. तिसऱ्या दिवशी तिथली पानं करपली, झाडांखाली कळीचा लाल सडा. बाकी बागेत फुलकिडे जसेच्या तसे. तरी तिन्ही फवारण्या केल्या, कारण “रिझल्ट तिसरीनंतर येतो” असं तो छातीठोक सांगत होता. चार टन फळ खरवडलेलं निघालं, ११० ऐवजी ४५ रुपये किलोने गेलं. तिथे २,६०,००० बुडाले.

कॅनवर नोंदणी क्रमांक नव्हता, विषाचा रंगीत त्रिकोण नव्हता, विषबाधेवरचा उतारा नव्हता. पैसे काढण्याआधी हे बघा. साधं निंबोळीचं अॅझाडिरॅक्टिन घेतलं तरी त्यावर नंबर असतो.

कृषी कार्यालयात चार चकरा मारल्या. पहिल्यांदा साहेब मीटिंगला. दुसऱ्यांदा निरीक्षक दौऱ्यावर. तिसऱ्यांदा अर्जाची पोच द्यायलाच नकार. चौथ्यांदा उत्तर मिळालं, “याची नोंदणीच नाही, मग हे आमच्या कक्षेत येत नाही.” अहो, १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने नोंदणी नसताना कीटकनाशक म्हणून विकणं हाच तर गुन्हा आहे! मग कक्षा कुणाची? पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. वकील म्हणाले, बिल नाही तर ग्राहक आयोगात जड जाईल. शेतकऱ्याने जायचं कुठे?

रोख देऊ नका. नवीन काहीही आधी दोन झाडांवर मारा, आठ दिवस थांबा. पाण्यात मिसळत नसेल तर टाकीत ओतूच नका.

माझ्याकडे पाव लिटर तेल उरलंय, लेबलासकट कॅन बंद करून ठेवलाय. पिवळ्या झाकणाचा असा कॅन कुणी घेतला असेल तर फेकू नका. जिल्ह्याला लेखी तक्रार करतोय, तिच्यावर माझ्या एकट्याची सही पुरणार नाही.