१६ टीबीची थाप

तळहातावर मावणारी १६ टीबीची पोर्टेबल एसएसडी म्हणून जे काही विकलं जातं ते घेऊ नका. मी घेतली. फोडली तेव्हा आत ६४ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड निघालं, गोंदाने चिकटवलेलं.

यांची युक्ती जुनीच आहे. फर्मवेअरला, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या प्रोग्रामला, खोटं बोलायला लावायचं, म्हणजे कॉम्प्युटरलाही १६ टीबीच दिसतात. ६४ जीबीपर्यंत सगळं नीट लिहिलं जातं, पुढचं हवेत जातं. फाइलींची यादी सुरुवातीच्या खऱ्या जागेत असल्यामुळे नाव, तारीख, आकार सगळं जागच्या जागी. माझ्या जुन्या डिस्कचा बॅकअप म्हणून काढलेली इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलीतली नक्कल, तीही अगदी ४१२ जीबीची दिसत होती.

डोकं फिरतं ते त्या वेगाने. खोक्यावर छापलंय यूएसबी ३.०, आणि इमेज लिहिली जातेय सेकंदाला २० एमबीने! हा तर यूएसबी २.० चा वेग. तिथेच कळायला हवं होतं. पण जुनी डिस्क आधीच कुरकुरत होती, तीच वाचायला वेळ लावत असणार असं वाटलं, आणि कुणालाही तेच वाटलं असतं. शेवटी प्रोग्रामने इमेज तपासायची का विचारलं. अख्खी रात्र गेली होती, नाही म्हटलं. तुम्ही हो म्हणा, सकाळ झाली तरी.

पुढे जुनी डिस्क मेली. नवीवर इमेज उतरवायला घेतली तर १५ टक्क्यांवर अडकली, फाइल खराब. सुट्या फाइली कॉपी केल्या असत्या तर पहिल्या ६४ जीबीतल्या तरी सरळ उघडल्या असत्या. इमेज पडली कॉम्प्रेस केलेली एकच अखंड फाइल.

विक्रेत्याने उत्तरच दिलं नाही. साइट म्हणाली, परत करायची मुदत संपली. अहो, बॅकअप खोटा आहे हे डिस्क मेल्यावर कळतं, ती काय तुमची मुदत बघून मरणार? भांडलो, तेव्हा ड्राइव्हच्या क्षमतेचा स्क्रीनशॉट मागितला. त्यात अर्थातच १६ टीबी. 'क्षमता बरोबर आहे', तक्रार बंद! चोरालाच साक्षीला बोलावून त्याची साक्ष ग्राह्य धरायची असला प्रकार. बँकेचं म्हणणं, वस्तू हातात पडली ना, मग व्यवहार पूर्ण. पोलिसांत तक्रार घेणाऱ्याने ड्राइव्ह लावून बघितली आणि 'चालतेय की' म्हणून परत दिली. आतलं कार्ड दाखवलं, तर म्हणे तुम्हीच बदललं नसेल कशावरून?

नवी ड्राइव्ह आली की त्याच दिवशी, रिकामी असतानाच, विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हा खरी क्षमता तपासणारा प्रोग्राम चालवा. लिनक्स किंवा मॅक असेल तर एफ३. पूर्ण जागा भरून परत वाचून बघतात, वेळ खातात, खाऊ दे. आणि इमेज एकाच ड्राइव्हवर ठेवून जुनी डिस्क पुसू नका.

तोच विक्रेता आता दुसऱ्या नावाने ३० टीबीची विकतोय. खाली पाच-पाच तारे, सगळ्यांचं एकच, 'लवकर मिळाली, पॅकिंग छान'. भरून बघितलेला त्यात एकही नाही.