सीमावाद आधी मिटवायचा की आत जाऊन? क्रोएशिया आणि सायप्रस

युरोपीय संघात नव्या देशाला घ्यायचं तर सगळ्या सदस्यांची संमती लागते. म्हणजे शेजारी आधीच आत असेल, तर दाराची कडी त्याच्या हातात.

क्रोएशियाला हे २००८च्या डिसेंबरात कळलं. दोन्ही देशांच्या सीमेवरच्या पिरानच्या छोट्याशा उपसागरावरून, आधीच सदस्य असलेल्या स्लोव्हेनियाने त्याच्या प्रवेशाच्या वाटाघाटी अडवल्या. २००९ मध्ये वाद लवादाकडे सोपवायचं ठरलं, तेव्हा गाडी हलली. १ जुलै २०१३ला प्रवेश मिळाला. पण गंमत पुढेच आहे. लवादातल्या स्लोव्हेनियाच्या सदस्याचं आपल्याच सरकारी प्रतिनिधीशी झालेलं गुप्त बोलणं २०१५ मध्ये फुटलं आणि क्रोएशियाने अंग काढून घेतलं. २०१७चा निकाल तो मानत नाही. आत गेल्यावर त्याला अडवणार कोण?

सायप्रसचं उलटं. बेट १९७४पासून दुभंगलेलं: दक्षिणेत ग्रीक सायप्रियट, उत्तरेत तुर्कस्तानच्या पाठिंब्यावरचे तुर्की सायप्रियट. २४ एप्रिल २००४च्या सार्वमतात ग्रीक सायप्रियटांनी एकीकरणाची योजना फेटाळली, तरी आठवड्याभरात, १ मेला, देश सदस्य झाला. पाठीशी आधीच आत असलेला ग्रीस होता ना! उत्तर भागात संघाचे कायदे आजही स्थगित आहेत आणि संघात येऊ पाहणाऱ्या तुर्कस्तानच्या वाटेवरची कडी आता सायप्रसच्याही हाती आहे.

माझ्या मते क्रोएशियाची वाट कमी वाईट; निदान काही वर्षं तरी दोघे एका टेबलाशी बसले.