१,२९९ रुपयांत घेतलेलं अकाउंट

मे महिन्यात दहावीचा निकाल लागला. कोल्हापूरच्या माझ्या भाच्याला ८९ टक्के मिळाले. बक्षीस काय हवं, विचारलं तर लगेच म्हणाला, ‘मामा, फुटबॉलचा गेम.’ गेमच्या नेहमीच्या ऑनलाइन दुकानात त्याची किंमत ३,४९९ रुपये होती. तेवढे द्यायची माझी तयारी होती. तेवढ्यात ओळखीच्या एकानं एका ग्रुपची लिंक पाठवली. तिथे तोच गेम १,२९९ ला. खाली खूश गिऱ्हाइकांचे स्क्रीनशॉट आणि मोठ्या अक्षरांत ‘ओरिजिनल, फुल ॲक्सेस, लाइफटाइम वॉरंटी’.

विक्रेता मराठीतच बोलत होता. ‘सर, टेन्शन नका घेऊ, रोज पन्नास ऑर्डरी जातात.’ मी विचारलं, की म्हणजे ॲक्टिव्हेशनचा कोड मिळणार का? तो म्हणाला, कोड नाही, गेम असलेलं अख्खं अकाउंटच तुमच्या नावावर. यूपीआयनं पैसे पाठवले. दहा मिनिटांत युजरनेम आणि पासवर्ड आला. पासवर्ड बदलला, ईमेल बदलला. गेम अस्सल होता, दुकानही अस्सल. रात्रभर डाउनलोड होऊन सकाळी भाचा खेळायलाही लागला. इथेच माझी खात्री पटली, आणि मला वाटतं बहुतेकांची इथेच पटते.

तो तीन आठवडे मनसोक्त खेळला. याच काळात त्यानं आजी-आजोबांनी दिलेल्या पैशांतले २,००० रुपये त्या अकाउंटच्या वॉलेटमध्ये भरले. मला सांगूनच भरले, आणि मी हो म्हणालो. जूनच्या मध्यावर सकाळी त्याचा फोन आला, ‘मामा, अकाउंट उघडंना झालंय.’ पासवर्ड चुकीचा दाखवत होतं. ‘पासवर्ड विसरलात’वर कोड मागवला, तर तो भलत्याच ईमेलवर जात होता.

दुकानाच्या मदत विभागाला लिहिलं. दोन दिवसांनी सौम्य भाषेत उत्तर आलं: अकाउंट मूळ मालकाला परत दिलं आहे, अकाउंटची खरेदी-विक्री करारात बसत नाही, वॉलेटमधली रक्कम अकाउंटसोबतच राहते. वाचून राग आला. नीट विचार केल्यावर पटलं, की दुकानानं योग्य तेच केलं होतं. कुणाचंही अकाउंट चोरीला गेलं तर ते त्याला परत मिळायलाच हवं. पासवर्ड आणि ईमेल कितीही वेळा बदलला, तरी पहिली खरेदी कोणत्या कार्डानं झाली, तिचा व्यवहार क्रमांक काय, हे मूळ मालकच सांगू शकतो. तो पुरावा दिला, की अकाउंट त्याचं.

स्वस्तात विकली जाणारी अकाउंटं दोन वाटांनी येतात. एक, खोट्या लॉगिन पानावर कुणाचा तरी पासवर्ड चोरलेला असतो. दोन, विक्रेता स्वतःच मूळ मालक असतो. विकतो, महिनाभरानं परत मागून घेतो आणि पुढच्याला विकतो. स्वस्त कोडची तिसरी वाट आहे. चोरलेल्या कार्डावर कोड विकत घ्यायचे आणि निम्म्या किमतीत बाजारात काढायचे. कार्डधारकानं बँकेकडे तक्रार केली, की पैसे उलटे फिरतात, गेम बनवणारी कंपनी तो कोड रद्द करते आणि तुमच्या यादीतून गेम नाहीसा होतो. तिन्ही वाटांवर तुम्हाला मिळतं ते पहिल्या दिवशी अगदी खरं असतं. म्हणून ‘मित्राकडे चालतंय की’ या शब्दावर जाऊ नका. ते आज चालतंय, एवढंच त्यातून कळतं.

माझं डोकं जुन्या हिशेबानं चाललं होतं. कॉलेजात असताना आम्ही पुण्यात तापकीर गल्लीतून गेमच्या सीडी आणायचो. सीडी एकदा घरात आली की आपली. दुकानदार मागे येऊन ती काढून नेणार नाही, आणि आपला खेळून झाला की ती मित्राला देता येई. डिजिटल दुकानात तसली वस्तूच हाती येत नाही. येते ती एका अकाउंटला दिलेली खेळण्याची परवानगी. आता स्टीम हे गेमचं मोठं ऑनलाइन दुकान खरेदीच्या पानावर हे स्पष्ट लिहितं, की तुम्हाला गेमचा परवाना मिळतो. खरं तर ही पद्धत जुनी आहे. २००४ साली ‘हाफ-लाइफ २’ हा गेम खोक्यात आणला, तरी स्टीमवर नोंदवल्याशिवाय चालत नसे. मी ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

परवाना प्रामाणिकपणे घेतला तरी तो जाऊ शकतो, हेही सांगायला हवं. युबीसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम २०१४ मध्ये आला. कंपनीनं ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद केले आणि पुढे पैसे मोजून घेतलेल्यांच्या खात्यांतूनही परवाने काढून घेतले. त्यानंतर कॅलिफोर्नियानं कायदा केला, की परवाना विकताना ‘खरेदी’ असा शब्द वापरायचा तर गिऱ्हाइकाला ते परवाना असल्याचं स्पष्ट सांगावं लागेल. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. गेम खरोखर जवळ ठेवायचा असेल, तर जीओजीसारख्या दुकानातून इन्स्टॉलरची फाइल उतरवून आपल्या हार्ड डिस्कवर ठेवता येते. तिथे सगळे गेम मिळत नाहीत, पण जुने चांगले भरपूर मिळतात.

पण आमचं नुकसान इथे थांबलं नाही.

मी विक्रेत्याला मेसेज केला. रागावला नाही, उलट माफी मागितली. ‘सर, आमची चूक आहे, गेमचे आणि वॉलेटचे मिळून ३,२९९ रिफंड करतो.’ एक क्यूआर कोड आला. ‘स्कॅन करा, पिन टाका, लगेच जमा होतील.’ मी ऑफिसात होतो, दुसऱ्या फोनवर बहीण विचारत होती, ‘दादा, काय झालं त्या पैशांचं?’ घाईघाईत पिन टाकला. खात्यातून ३,२९९ गेले. त्याचा लगेच मेसेज: ‘सर, सिस्टीममध्ये अडकलेत, परत एकदा करा, दोन्ही एकदम येतील.’ मी परत केलं. आणखी ३,२९९ गेले आणि त्यानं मला ब्लॉक केलं.

पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला म्हणजे आपणच पैसे देतो. हे मला माहीत होतं. आईलाही मीच शिकवलेलं. पण आपले बुडालेले पैसे परत येताहेत असं वाटलं, की माणूस स्क्रीनवरचे शब्द वाचत नाही. रिफंडचं आमिष त्याच क्षणासाठी ठेवलेलं असतं. एकदा फसलेल्या माणसाला हे विक्रेते दुसऱ्यांदा गाठतात.

एकूण ९,८९७ रुपये गेले. माझी सगळ्यात मोठी चूक मात्र त्यानंतरची. लाजेपायी मी दोन दिवस कुणाला बोललो नाही. तिसऱ्या दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. तोपर्यंत पैसे पुढच्या खात्यांत सरकले होते. पहिल्या काही तासांत कळवलं, तर ते वाटेतच गोठवण्याची संधी असते. त्यामुळे फसलात तर आधी १९३० लावा, मग बँकेला कळवा, घरी काय सांगायचं ते नंतर बघा. व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट ब्लॉक होण्याआधी काढून ठेवा. माझ्या चॅटचा अर्धा भाग त्यानं त्याच्या बाजूनं पुसून टाकला होता.

सरळ रस्ता इतका अवघड नव्हता, याचं जास्त वाईट वाटतं. स्टीमवर २०१५ पासून रुपयांत किमती आहेत. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात, हा नियम मला ठाऊकच नव्हता. एकाच घरातल्या सहा जणांपर्यंत कुटुंब गट करून एकमेकांचे गेम खेळता येतात. एपिकच्या दुकानात दर आठवड्याला काही ना काही फुकट मिळतं. आणि जूनच्या शेवटी स्टीमचा उन्हाळी सेल लागतो.

त्या सेलमध्ये तोच फुटबॉलचा गेम सत्तर टक्के सवलतीनं १,०४९ रुपयांना लागला. आमचं अकाउंट गेल्याला तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. भाच्यानं स्वतःच्या ईमेलनं नवं अकाउंट काढलं, दुहेरी सुरक्षा चालू केली, त्याच्या आईनं तिच्या फोनवरून पैसे भरले. वॉलेटमध्ये गेलेले त्याचे २,००० मी त्याला दिले. तो नको म्हणत होता.

तक्रारीचा क्रमांक माझ्याकडे आहे, पैसे आलेले नाहीत. तो ग्रुप बंद झाला. मागच्या आठवड्यात तोच लोगो घेऊन वेगळ्या नावाचा ग्रुप दिसला, सभासद अकराशेच्या वर. पहिलाच मेसेज होता: ‘फुटबॉल, फुल ॲक्सेस, लाइफटाइम वॉरंटी, फक्त १,२९९.’ मी त्याचीही तक्रार केली आहे. कुणी तुम्हाला तशी लिंक पाठवली, तर उघडू नका आणि पाठवणाऱ्यालाही फोन करून सांगा.