घरी करायची कोविड टेस्ट किट: वारीच्या वाटेवर वापरून पाहिल्यावर

कोविडची घरी करायची अँटिजेन किट, म्हणजे नाकातल्या स्रावात विषाणूचं प्रथिन शोधणारी किट, घ्यावी का, असं लोक मला लॅबच्या काउंटरवर उभं राहून विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. घ्या, पण तिला एकच प्रश्न विचारा: आज, या घडीला, माझ्यापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका आहे का? याचं उत्तर ती बऱ्यापैकी देते. "मला कोविड नाहीच ना?" याचं उत्तर तिच्याकडे नाही, आणि आपल्याकडे बहुतेक जण नेमकं तेच मागायला तिच्याकडे जातात.

मी हडपसरला राहते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. २०२० पासूनची दोन-अडीच वर्षं लोकांच्या नाकातोंडातले स्वॅब घेण्यात गेली. त्यामुळे किटचं शास्त्र मला नवं नव्हतं. पण लॅबच्या टेबलावर टेस्ट करणं वेगळं आणि तंबूत, दिव्याच्या उजेडात, घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाची करणं वेगळं. तो अनुभव २०२२ च्या वारीत मिळाला, म्हणून हे लिहिते आहे.

२०२० आणि २०२१ ला पायी वारी झालीच नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आमचे आण्णा, म्हणजे माझे सासरे, त्यांच्या गावच्या दिंडीचे विणेकरी. ती दोन वर्षं त्यांनी कशी काढली ते मी घरात पाहिलंय. २०२२ ला २१ जूनला माउलींची पालखी आळंदीहून निघणार हे ठरलं, आणि मे महिना संपता संपता पुण्यातच ओमायक्रॉनच्या बीए.४ आणि बीए.५ या उपप्रकारांचे रुग्ण सापडल्याची बातमी आली. दिंडीतली बरीच मंडळी साठीच्या पुढची. कुणाला शुगर, कुणाला दमा. रात्री एका तंबूत सगळ्यांच्या पथाऱ्या अंगाला अंग लागून. दिंडीचालक आण्णांना म्हणाले, "सूनबाई लॅबात आहेत ना, त्यांनाच विचारा काय करायचं ते." मी किट घेतल्या, सुट्टी टाकली आणि फलटणपर्यंत दिंडीबरोबर चालले.

आधी वस्तूबद्दल. आपल्या देशात घरी वापरायच्या किटला पहिली मान्यता मे २०२१ मध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) दिली, ती पुण्याच्या मायलॅबच्या 'कोविसेल्फ'ला. किंमत २५० रुपये होती. त्यानंतर इतर कंपन्यांच्याही आल्या. मी वेगवेगळ्या कंपन्यांच्या वापरल्या. काम करायची पद्धत सगळ्यांची जवळपास सारखीच, म्हणून इथे कंपन्यांची तुलना करत नाही. पाकिटात एक निर्जंतुक स्वॅब, द्रावण भरलेली छोटी ट्यूब, पाऊचमध्ये बंद केलेलं टेस्ट कार्ड आणि नंतर सगळं टाकायला एक पिशवी असते. स्वॅब दोन्ही नाकपुड्यांत दोन-चार सेंटिमीटर घालून प्रत्येकीत पाच वेळा भिंतीला घासत फिरवायचा. तोच ट्यूबमध्ये चांगला घुसळून, खुणेवर मोडून, टोपण लावायचं. कार्डावर दोन थेंब टाकायचे. पंधरा मिनिटं थांबायचं. वीस मिनिटांनंतर जे काही दिसेल ते मोजायचं नाही.

या पाच वेळा फिरवण्यातच सगळी मेख आहे. लोक काडी नाकाच्या तोंडाशी टेकवतात आणि काढून घेतात. मेंदूपर्यंत जाईल ही भीती २०२० पासून डोक्यात बसलेली आहे. ही काडी तितकी लांबवर जातच नाही, पण भिंतीला नीट घासली नाही तर तिच्यावर काही येत नाही, आणि मग कार्ड बिचारं निगेटिव्ह दाखवणार नाही तर काय करणार? टेस्टच्या आधी नाक शिंकरून घ्या. शिंक आली तर येऊ द्या, तोंडावर रुमाल धरा आणि उरलेले फेरे पुरे करा.

दिंडीचालकांचा आग्रह होता की आळंदीतच सगळ्यांची रांग लावून टेस्ट करावी आणि मग निर्धास्त निघावं. मी त्याला स्पष्ट नाही म्हटलं. लक्षणं नसलेल्या माणसांची सरसकट टेस्ट करू नये, असं आयसीएमआरने पहिल्यापासून सांगितलंय: ज्याला लक्षणं आहेत किंवा जो पॉझिटिव्ह माणसाच्या निकट राहिलाय, त्यानेच ही करावी. आणि माझी भीती वेगळीच होती. आळंदीत निगेटिव्ह आलेला माणूस पुढे तीन दिवसांनी घसा धरला तरी म्हणणार, "माझी तर झालीय टेस्ट." एका सकाळच्या निकालावर अख्खी वारी काढणार. त्यापेक्षा किट जपून ठेवायच्या आणि ताप, घसा, अंगदुखी, यातलं काही दिसलं की त्याच वेळी काढायच्या, असं ठरलं.

गरज पडली ती सासवडच्या मुक्कामात. दिवे घाट चढून आल्यावर सगळेच दमलेले असतात, त्यामुळे कुणाचं अंग दुखतंय याकडे कुणी लक्ष देत नाही. आमच्या तंबूतल्या एक मावशी मात्र जेवायला उठल्या नाहीत. आवाज बसलेला, अंग किंचित कोमट. मी किट काढली तर म्हणाल्या, "दोन डोस झाल्यात की माझं. आता नाकात काडी कशाला घालतीस?"

हा प्रश्न नुसता मावशींचा नाही, लॅबमध्ये इंजिनिअर लोकही हेच विचारतात. लसीने शरीराला ओळख करून दिलेली असते. आजार फुप्फुसांपर्यंत पोहोचून जीवावर बेतू नये यासाठी ती फार मोलाची. पण नाकात विषाणू शिरणं, वाढणं आणि बोलता-खोकताना बाहेर पडणं तिने पूर्ण थांबत नाही, ओमायक्रॉनच्या बाबतीत तर नाहीच. किट शोधते ते विषाणूच्या आतलं एक प्रथिन, नाकातल्या स्रावात. दंडाला घेतलेल्या लसीमुळे नाकाची टेस्ट पॉझिटिव्ह येत नाही आणि लस घेतली म्हणून निगेटिव्हही येत नाही. लस आणि टेस्ट, दोन्ही आपापली कामं करतात. मी मावशींना एवढंच म्हटलं, "डोस तुमच्यासाठी, काडी शेजारी झोपलेल्या आजींसाठी." मग त्यांनी मान वर केली.

कार्ड मी एका पत्र्याच्या पेटीवर ठेवलं, सपाट. गुलाबीसर ओल खिडकीतून हळूहळू सरकत गेली. 'सी'ची रेघ लवकरच उठली. ती फक्त एवढंच सांगते की द्रव नीट वाहिला आणि कार्ड चालू आहे. 'टी'च्या, म्हणजे निकालाच्या रेघेच्या, जागी बराच वेळ काही नव्हतं. मग एक सावली, मोबाइलचा उजेड तिरका धरल्यावरच दिसेल अशी. तंबूतले दोन-तीन जण वाकून बघून म्हणाले, "हे काय, काहीच नाही." पण रेघ फिकट असली तरी ती रेघच. वेळेच्या आत उठलेली, रंग असलेली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली रेघ म्हणजे पॉझिटिव्ह. फिकट म्हणजे थोडासाच कोविड, असं काही नसतं. आणि या किटचा पॉझिटिव्ह खरा मानायचा असतो, त्यावर पुन्हा आरटी-पीसीआर, म्हणजे लॅबमधली जास्त बारकाईची टेस्ट, करत बसायची गरज नसते.

मावशी रडल्या. दोन वर्षं थांबून निघालेली वारी सासवडला तुटली. ऑक्सिजन मोजला, चांगला होता. वाटेवरच्या आरोग्य पथकाने तपासून औषधं दिली आणि सकाळी त्यांचा भाचा गाडी घेऊन आला. जानेवारी २०२२ पासूनचा तेव्हाचा नियम असा होता की सौम्य आजारात पॉझिटिव्ह आल्यापासून सात दिवस वेगळं राहायचं आणि शेवटचे तीन दिवस ताप नसला की विलगीकरण संपलं. सुटण्यासाठी पुन्हा टेस्ट करायची अट नव्हती. मी बोटांवर हिशेब करून दाखवला: एकादशी १० जुलैला, म्हणजे वारी संपायच्या आत तुम्ही परत येता. आल्याही. नातेपुत्याला भाच्याने आणून सोडलं, तोंडाला मास्क बांधून शेवटचे मुक्काम त्या चालल्या. आण्णांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी लॅबमध्ये होते, आणि दिवसभर हसत होते.

मावशींच्या शेजारच्या मंडळींची सासवडच्या त्या रात्री टेस्ट केली, सगळे निगेटिव्ह. मी त्यावर विसंबले नाही. लागण झाल्यावर पहिले एक-दोन दिवस नाकात विषाणू इतका कमी असतो की अँटिजेन किटला तो सापडत नाही. त्यातही लस किंवा जुना आजार यामुळे शरीर आधीच सावध असेल तर घसा आज दुखतो आणि रेघ उद्या-परवा उठते. म्हणून शेजाऱ्यांना वेगळ्या कोपऱ्यात, कनात वर करून झोपवलं, मास्क दिले आणि पुढे ज्यांची कुरकूर सुरू झाली त्यांची पुन्हा टेस्ट केली. त्यात एक काका लोणंदला पॉझिटिव्ह निघाले. सासवडच्या निगेटिव्हवर भरवसा ठेवून त्यांना परत गर्दीत झोपवलं असतं तर पुढचं मला सांगवत नाही. लक्षणं आहेत आणि किट निगेटिव्ह आहे, तर आरटी-पीसीआर करा, नाहीतर निदान कोविड आहे असं धरून वागा. २५० रुपयांच्या किटने आरटी-पीसीआरची जागा घेतलेली नाही. २०२२ मध्ये घरी येऊन स्वॅब घेतला तरी राज्यात आरटी-पीसीआरचा दर ७०० रुपयांवर नव्हता, तो खर्च अशा वेळी करावा.

प्रवासाबद्दल दोन शब्द, कारण याच किटचा फोटो दाखवून विमानात बसता येईल अशी तेव्हा बऱ्याच जणांची समजूत होती. नव्हतं बसता येत. माझे दीर न्यू जर्सीहून वारीसाठी आले होते. भारतात येताना तेव्हा एअर सुविधा या सरकारी पोर्टलवर लसीचं प्रमाणपत्र किंवा ७२ तासांतला आरटी-पीसीआर रिपोर्ट टाकायचा असे. घरच्या कार्डाचा तिथे उपयोग नव्हता. परत जाताना अमेरिकेची विमानात बसण्याआधीच्या टेस्टची अट होती, ती १२ जून २०२२ ला उठली. तरी त्यांनी निघायच्या आदल्या दिवशी किट केली. नियमासाठी नाही, तिकडे त्यांच्या सासूबाईंची केमो चालू होती म्हणून. किट वापरायची खरी जागा हीच. कागदासाठी रिपोर्ट लागत असेल तर लॅबमध्ये या, माणसासाठी हवी असेल तर घरी करा.

आता तक्रारी, आणि त्या माझ्या मते लहान नाहीत. माहितीपत्रकातली अक्षरं इतकी बारीक की आण्णांना चष्म्यावर भिंग धरावं लागलं. मी पाहिलेल्या पत्रकांत फिकट रेघेचं चित्रच नव्हतं, दोन ठसठशीत रेघा छापलेल्या. प्रत्यक्षात घोळ होतो तो फिकट रेघेपाशीच. मराठीत मोठ्या टायपात एक पान आणि खऱ्या रेघांचे फोटो, एवढं तरी हवं. निकाल तेव्हा ॲपवर नोंदवायचा असे, पण मी वापरलेल्या एका ॲपचा ओटीपी दिवे घाटाच्या रेंजमध्ये येईचना. सुशिक्षित सोसायट्यांतही लोक नोंद करत नसत, कारण बीएमसीचा किंवा पीएमसीचा फोन येईल. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत किट विकत घेणाऱ्यांची नोंद ठेवायला केमिस्टना सांगावं लागलं, ते उगाच नाही. घरातल्या घरात दडपलेला पॉझिटिव्ह आकड्यांत येत नाही आणि मग कुठल्या भागात लाट चढतेय ते कुणालाच कळत नाही. फोन आला तर येऊ द्या, पण नोंद करा, असंच मी तेव्हा सांगायचे. 

वापरलेला स्वॅब आणि ट्यूब दिलेल्या पिशवीत बंद करून, वर लाल पेनने खूण करून द्या. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बायका आपल्याच शहरात आहेत.

घेताना पाकिटावरची मुदत आणि तापमान बघा. बहुतेक किट ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. काचेच्या कपाटात दुपारच्या उन्हात रचून ठेवलेल्या मी दुकानात पाहिल्या आहेत. तिथून घेऊ नका. वारीत ट्रकच्या टपाखाली सामान तापतं, म्हणून आमच्या किट मी तंबूत सावलीत, कोरड्या डब्यात ठेवल्या होत्या. थंड असेल तर वापरायच्या आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

आणि कृपा करून या किटऐवजी अँटिबॉडी टेस्ट, म्हणजे रक्तातली प्रतिद्रव्यं मोजणारी टेस्ट, मागायला येऊ नका. "माझी इम्युनिटी किती आहे ते बघायचंय," म्हणून लोक पैसे भरतात, आणि आकडा मोठा आला की मास्क काढतात. त्या आकड्यावरून तुम्हाला पुन्हा लागण होणार नाही असं कुणीही लिहून देऊ शकत नाही. त्याच वेळात प्रिकॉशन डोस, म्हणजे दोन डोसांनंतरचा तिसरा, घ्या, असं मी २०२२ मध्ये सांगत होते. दुसऱ्या डोसनंतरचं अंतर त्या वर्षी ६ जुलैपासून नऊ महिन्यांवरून सहा महिन्यांवर आलं होतं आणि १५ जुलैपासून ७५ दिवस सरकारी केंद्रांवर तो अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना फुकट होता.

मी पुन्हा विकत घेईन का? घेतल्यातच. गणपतीला मुंबईहून दोन कुटुंबं येणार आणि आण्णांच्या बहिणीला सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार, आहे. घरात माणसांच्या दुप्पट किट ठेवल्या आहेत, कारण घसा दुखत असताना आलेल्या पहिल्या निगेटिव्हवर मी थांबणार नाही.