विंचू, फॉइल आणि ३३,६९९ रुपये

डिझाइनचे १२,०००. हजार कार्डांच्या छपाईचे ६,८००. सोनेरी फॉइलच्या डायचे, म्हणजे ठशाचे, २,४००. ट्रेडमार्कचे ७,५००. आणि सगळ्यात जास्त झोंबलेले शेवटचे ४,९९९. बेरीज ३३,६९९. एवढे पैसे घालून माझ्याकडे व्हिजिटिंग कार्डांचा एक डबा आहे आणि त्यातलं एकही कार्ड मी आज कोणाला देऊ शकत नाही.

मी भोळी नाही, हे आधीच सांगते, कारण घरात सध्या सगळ्यांचं तसं मत झालंय. तिरुपूरहून टी-शर्ट मागवताना मी पीसमागे एकेका रुपयावरून भांडते. नागपुरात गांधीबागेत कापडाचा भाव मला कोणी वाढवून सांगत नाही. पण डिझाइन ही गोष्टच अशी आहे की माल हातात येतो, दिसायला झकास असतो आणि आत काय पोकळ आहे ते दिसतच नाही.

माझा छोटा ब्रँड आहे, गोंदणावरून सुचलेल्या कपड्यांचा. आजीच्या दंडावर विंचू होता, मनगटाशी तुळस आणि टिंबांच्या ओळी. तोच विंचू टॅटूवाले ज्याला ओल्ड स्कूल म्हणतात त्या ढंगात, जाड काळ्या रेघेत आणि मोजक्या रंगांत, कपड्यावर आणायचा होता. कार्डही तसंच हवं होतं: काळा मॅट, पुढे सोनेरी विंचू, मागे कॅटलॉगचा क्यूआर. डिझायनर इन्स्टाग्रामवर सापडला. पेजवर सुंदर सुंदर कामं होती (कोणाची होती, देव जाणे). धरमपेठेत भेटला, आजीच्या हाताचा फोटो डोळे भरून पाहिला, म्हणाला, “ताई, असं काम नागपुरात कोणी करत नाही. टेन्शन नका घेऊ, होऊन जाते ना.” तर्री-पोह्याचे पैसेही मीच दिले. ॲडव्हान्स सहा हजार, यूपीआयवर. नाव भलत्याच बाईचं आलं. “वहिनीचं अकाउंट आहे, माझ्याचं केवायसी चालू आहे.” घ्या. बिल मागितलं की “कच्चं देतो, पक्क्यावर जीएसटी लागेल.”

आता तो क्षण. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, आलं ते व्हॉट्सॲपवर, जेपीजी. विंचू देखणा होता, खोटं कशाला बोलू. पण नांगीच्या वळणाजवळ एक पुसट करडी रेघ तिरकी गेली होती, आणि तशीच दुसरी डाव्या चिमट्याशी. मी दोन बोटांनी मोठं करून पाहिलं. विचारलंसुद्धा! व्हॉट्सॲपवर माझा प्रश्न अजून आहे: “ही रेघ कसली?” त्याचं उत्तर: “गोंदणाचं टेक्स्चर आहे ताई, जुन्या कातडीचा फील.” जुन्या कातडीचा फील! ती रेघ म्हणजे फोटो विकणाऱ्या साइटवरच्या वॉटरमार्कचा, म्हणजे मालकीच्या खुणेचा, पुसायचा राहिलेला तुकडा होता. चित्र विकतसुद्धा घेतलं नव्हतं, फुकटचा नमुना उतरवून त्यावरची खूण पुसली होती. आता जो तो म्हणतो, तिथेच कळायला हवं होतं. कसं कळणार? टॅटूच्या कामात छटा ठिपक्यांनी आणि सुईच्या झटक्यांनीही काढतात, त्यात असली रेघ असू शकते असं वाटलं. मी पाहिलं, मी विचारलं, आणि मला तोंडावर खोटं सांगितलं गेलं.

उघड झालं ते एका टॅटू स्टुडिओत. कार्ड काउंटरवर ठेवायला गेले होते. तिथल्या मुलाने ते उचललं, हसला आणि आपल्या टॅबवर हाच विंचू काढून दाखवला. नांगी तीच, पाय तेच. “मॅडम, हा तर रेडिमेड डिझाइनच्या पॅकमधला आहे. कोणीही घेते.” तिथे बसलेल्या गिऱ्हाइकांसमोर. कान गरम झाले माझे. घरी येऊन गुगल लेन्सवर (चित्रावरून शोधतं ते) टाकला तर तो विंचू कुठेकुठे निघाला, गॅरेजच्या बोर्डापर्यंत. प्रूफ आलं की पैसे द्यायच्या आधी लेन्सवर टाका. फुकट आहे आणि मिनिटही लागत नाही.

ट्रेडमार्कचं वेगळंच. “कपड्यांचा क्लास २५, सरकारी फी ४,५००, माझे ३,०००.” फीचा आकडा खरा आहे, एकट्या माणसाने ऑनलाइन अर्ज केला तर तेवढीच लागते, म्हणूनच विश्वास बसला. पीडीएफ पावती आली, अर्ज क्रमांकासकट. तो क्रमांक ट्रेडमार्क कार्यालयाच्या साइटवर घातला की अर्जदाराचं नाव येतं. मी घातला तेव्हा दुसऱ्याच कोणाचा तरी अर्ज आला. आणि या महाभागाने माझ्या ब्रँडच्या नावापुढे गोलातला आर, तोही सोनेरी फॉइलमध्ये, हजार कार्डांवर ठोकलेला! नोंदणी झाली नसताना तो आर लावणं हा ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम १०७ खाली गुन्हा आहे. अर्ज केलेला असो नसो, नोंदणीआधी फार तर टीएम लिहायचं. म्हणजे कार्ड मी वाटलं तर कायद्याने आरोपी मी. डबा कपाटात आहे तो यासाठी.

आता ते ४,९९९. प्रदर्शनाच्या तोंडावर मागचा क्यूआर बंद पडला. स्कॅन केलं की “हा कोड निष्क्रिय आहे.” फोन केला तर अगदी शांतपणे म्हणतो, “ताई, डायनॅमिक आहे ना, सबस्क्रिप्शन लागते.” साध्या क्यूआरमध्ये तुमच्या वेबपेजचा पत्ता थेट भरलेला असतो, तो कोणी बंद करू शकत नाही. डायनॅमिकमध्ये मधल्या कंपनीचा पत्ता असतो आणि तो कुठे न्यायचा हे ज्याचं खातं तो ठरवतो. खातं त्याचं. स्टॉल बुक, माल शिवून तयार, कार्डं छापलेली. दिले मी. दुसरा इलाज होता का? प्रदर्शन उरकलं आणि कोड पुन्हा बंद. या वेळी फोनही बंद. छापायच्या आधी क्यूआर स्कॅन करा आणि उघडण्याआधी वर जो पत्ता दिसतो तो वाचा. तुमचा नसेल तर छापू नका.

दुसरीकडून छापून घ्यावं म्हणून महाल भागातल्या एका प्रेसमध्ये गेले. ते काका म्हणाले, ओपन फाइल आणा, कर्व्ह केलेली, म्हणजे रेघा-अक्षरं आकारांत बदललेली मूळ फाइल. माझ्याकडे काय, जेपीजी. शेवटचा हप्ता ओपन फाइल हातात आल्याशिवाय देऊ नका. आणि चित्राचे हक्क तुमच्या नावावर केल्याचं सहीनिशी लेखी घ्या. कॉपीराइट कायद्यात तोंडी हस्तांतरण चालत नाही.

पोलीस ठाण्यात गेले. कोणत्या ते लिहीत नाही. टेबलावरच्या साहेबांनी कार्ड उलटंपालटं केलं आणि विचारलं, “ताई, कार्ड तर मिळालं ना तुम्हाला? मग फसवणूक कुठे झाली?” मी वॉटरमार्क सांगतेय, खोटी पावती दाखवतेय, आणि ते शेजारच्याला म्हणतात, “छान आहे रे, कितीला पडलं?” दिवाणी मामला आहे म्हणाले. मी ४२० म्हटलं तर हसून सांगितलं, ४२० आता राहिलं नाही. बरोबर आहे, १ जुलै २०२४ पासून फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. कलम बदललं, खुर्ची तीच. सायबरकडे पाठवलं. सायबरच्या टेबलावर ऐकलं, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवले, ओटीपी चोरीला गेला नाही, ठाण्यात जा. त्यांचंही एक खरं: १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवलं तर पैसे खात्यात अडवता येतात, उशीर झाला की खातं रिकामं. मग एका ग्राहक सल्ला केंद्रात गेले, तर तिथे मी ग्राहकच नाही! धंद्यासाठी घेतलं म्हणे. २०१९ च्या ग्राहक कायद्यातच लिहिलंय की पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा ग्राहक ठरतो. हे मी, टी-शर्ट विकणारीने, त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी दुपारच्या जेवणाची वेळ दाखवली.

खोटी सरकारी पावती बनवली तरी दिवाणी मामला, मग फौजदारी कशाला म्हणतात एकदा सांगा तरी.

ठाण्याने नोंद घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे वरिष्ठांना लेखी पाठवता येतं. पाठवलंय, स्पीड पोस्टाने, व्हॉट्सॲपचे प्रिंट, यूपीआयचे व्यवहार आणि पावती जोडून. पोच आली आहे. त्याचं पेज अजून चालू आहे, नाव बदलून, आणि वर माझंच कार्ड नमुना म्हणून टाकलंय. नागपुरात कोणाच्या कार्डावर हा विंचू असेल, किंवा “वहिनीच्या” खात्यावर पैसे गेले असतील, तर चॅट डिलीट करू नका आणि मला कळवा. माझ्या अर्जाला तुमचे अर्ज जोडून सगळे मिळून ठाण्यात जाऊ.